स्टील व्हेन्जन्स : जुन्या लाकडावर चढलेलं पोलाद

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सँडस्की गावाजवळ, ईरी सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर सीडर पॉइंट हे पार्क आहे. १८७० पासूनचं. तिथल्या स्टील व्हेन्जन्स या रोलर कोस्टरबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाण बसून उतरलेल्यांचं. तो उभा राहत होता तेव्हा मी ओहायोत राहत होते आणि माझं काम होतं स्ट्रक्चरल स्टीलच्या तपासणीचं : वेल्ड, बोल्ट, लेव्हल, ओळंबा. त्यामुळे कोस्टरची टेकडी नजरेत भरण्याआधी मला तिचे सांधे दिसतात. हा रिव्ह्यूही मी पायापासूनच सुरू करते.

निकाल मात्र आधीच सांगून टाकते. मी बसलेल्या सगळ्या कोस्टरांत हा पहिल्या नंबरचा. इतक्या वेगात, इतक्या वळणांतून, गाडी रुळाला इतकी घट्ट धरून धावताना मी दुसरीकडे कुठेच अनुभवली नाही. आणि ही किमया वेगाची नाही, बांधणीची आहे.

त्या जागी आधी मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर होता. १९९१ मध्ये डिन कॉर्पोरेशनने बांधलेला, १६१ फूट उंच, साधारण १७ लाख बोर्ड फूट लाकूड लागलेला. (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी.) उघडला तेव्हा जगातला सगळ्यात उंच लाकडी कोस्टर तोच होता. पण लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादाची पातळ पट्टी. ऊन, पाऊस, बर्फ आणि वरून सतत धावणारी जड गाडी. फळ्या आकसतात, फुगतात, खिळे सैल होतात, वळणावर रूळ कणाकणाने बाहेर सरकतो. मग गाडी गचके खायला लागते, आणि प्रत्येक गचका पुन्हा त्याच सांध्यावर आदळतो. दर हिवाळ्यात थोडा थोडा रूळ उखडून नवा घालायचा, हे लाकडी कोस्टरचं कायमचं पथ्य. मीन स्ट्रीकच्या पहिल्या उतारावर पुढे ब्रेकसुद्धा बसवले गेले. ज्या उतारासाठी माणसं रांगेत उभी राहायची, तोच उतार आवरून धरावा लागला. १६ सप्टेंबर २०१६ हा त्याचा शेवटचा दिवस ठरला.

एवढ्या मोठ्या लाकडी सांगाड्याचं पुढे काय होतं, याचं एक उदाहरण ओहायोतच आहे. किंग्ज आयलंड पार्कमध्ये २००० साली सन ऑफ बीस्ट उभा राहिला, २१८ फूट, लाकडी कोस्टरांत तेवढा उंच आजवर दुसरा झालेला नाही. २००९ नंतर तो धावला नाही आणि शेवटी पाडून टाकला. मीन स्ट्रीकही त्याच वाटेने जाईल अशी भीती बऱ्याच जणांना होती. सीडर पॉइंटने बराच काळ तोंड उघडलं नाही. अधिकृत घोषणा झाली ती १६ ऑगस्ट २०१७ ला. पण एवढं मोठं काम लपणार कुठे? सांगाड्याचे काही भाग कापून काढलेले, काही तसेच ठेवलेले, आणि खाली जमिनीवर आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन कंपनीच्या धाटणीचे रूळ. ज्यांना ते रूळ ओळखता येत होते त्यांच्यासाठी घोषणा होऊन गेलेलीच होती.

२०१७ च्या त्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पुलांच्या कामांवर आयुष्य गेलेलं. कोस्टरवर बसायची त्यांना अजिबात हौस नाही, पण बांधकाम म्हटलं की पाय आपोआप वळतात. पार्कात खऱ्या वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे आहे, ती या सांगाड्याच्या अगदी जवळून जाते. तिच्या बाकावर बसून आम्ही दोघं वर बघत होतो. जुनं लाकूड पावसापाण्याने करडं पडलेलं, आणि मधूनमधून नवं लाकूड, पिवळसर, स्वच्छ. नकाशाच वाचत असल्यासारखं वाटत होतं. कुठे भार वाढणार, कुठे उंची वाढणार, कुठे जुनंच पुरेसं आहे, सगळं रंगावरून कळत होतं.

"अगं, पण हे जुनं ठेवतायत कशाला?" सासऱ्यांनी विचारलं. "पंचवीस वर्षांचं लाकूड. पाडून सरळ नवं उभं करावं."

"बाबा, आता लाकडाने फक्त भार वाहायचाय. आकार धरायचं काम त्याच्याकडून काढून घेतलंय."

ते गप्प झाले. थोड्या वेळाने बोटाने दाखवत म्हणाले, "म्हणजे वाड्याचे खांब ठेवले आणि आढं बदललं."

याहून चांगल्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. लाकडी कोस्टर खराब होतो तो मुख्यतः रुळात. खांब आणि कैच्यांवर भार असतो, पण त्यांना मिलिमीटरच्या हिशोबात आकार सांभाळायचा नसतो. तो सांभाळायचा असतो रुळाला, कारण चाक त्याच्यावरून धावतं. रॉकी माउंटनच्या माणसांनी हे दुखणं नेमकं पकडलं आणि रूळ तेवढा पोलादाचा केला. कंपनी फ्रेड ग्रब यांनी उभी केलेली, आणि या रुळाच्या पहिल्या मोठ्या कामाचं डिझाइन अॅलन शिल्की यांचं : टेक्सासमधला टेक्सास जायंट हा १९९० चा लाकडी कोस्टर, जो २०११ मध्ये न्यू टेक्सास जायंट म्हणून पुन्हा उघडला. तिथून ही पद्धत जगभर गेली.

रुळाचं नाव आयबॉक्स. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी मख्खी इथे आहे.

डिस्नेलँडमधल्या १९५९ च्या मॅटरहॉर्न कोस्टरपासून पोलादी कोस्टरचा रूळ म्हटला की नळी. जाड पाइप घ्यायचा, तो तिन्ही दिशांनी वाकवायचा आणि तुकडे जोडत जायचं. पाइप वाकवणं हे कसबाचं काम, पण ज्या वळणात रूळ एकाच वेळी उतरतो, वळतो आणि स्वतःभोवती पिळतो तिथे पाइपला नेमका तोच आकार देणं कठीण जातं. आयबॉक्समध्ये वाकवायचं काम जवळजवळ नाहीच. पोलादाच्या सपाट प्लेटा संगणकाच्या मदतीने हव्या त्या वक्रात कापून घ्यायच्या आणि एकमेकींना वेल्ड करायच्या. छेद बघितला तर आपल्या ओळखीच्या आय बीमचा, म्हणजे इंग्रजी I अक्षराच्या आकाराच्या पोलादी तुळईचा, भाऊ. वळण जितकं अवघड, तितकं कापण्याचं गणित अवघड, पण कापायचं यंत्र तेच. म्हणून या कंपनीच्या कोस्टरांत रूळ बाहेरच्या बाजूला कलतो, टेकडीच्या माथ्यावर पिळतो, उलटा होता होता सरळ होतो. हे आकार कागदावर काढायला पूर्वीही कुणी अडवलं नव्हतं, अडचण होती ते घडवण्याची.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यात आणखी एक गोष्ट आवडते. वेल्ड दिसतात. नळीच्या रुळात तपासायला जाताना बऱ्याच गोष्टी आत दडलेल्या असतात. इथे सपाट पृष्ठभाग, सरळ कडा, लांबच लांब वेल्ड, आणि माणसाच्या डोळ्याला, हाताला, तपासणीच्या यंत्राला पोचता येईल असे कोपरे. ज्या यंत्राला रोज सकाळी कुणीतरी चालत जाऊन तपासायचं असतं, त्यात हा गुण मी फार वरचा मानते.

त्या दिवशी रेल्वेतून आम्हाला एक तुकडा चढताना दिसला. क्रेनच्या हुकाला लटकलेला रूळ, दोन्ही टोकांना दोर, खाली दोर धरून उभी माणसं. तुकडा वाऱ्याने फिरायला लागला की ती दोर ताणत, सैल सोडत त्याला आवरत होती. सरोवराच्या काठी वारा कधी थांबत नाही. वर आडव्या लाकडावर हेल्मेट घातलेला एक जण बसलेला, कमरेला पट्टा बांधून. तुकडा त्याच्या हाताच्या अंतरावर आला तेव्हा त्याने आधी बोल्ट हातात घेतला नाही, नुसता तळवा रुळावर ठेवला आणि तो स्थिर व्हायची वाट बघितली. मग निमुळत्या टोकाचा लांब पाना दोन भोकांत सरकवून भोकं समोरासमोर आणली आणि त्यानंतर बोल्ट. भोकं जुळली. हातोडा लागला नाही. शेकडो मैलांवर कापलेली प्लेट आणि इथे ओळंबा धरून उभं केलेलं लाकूड, दोन्हीकडचं मोजमाप खरं असल्याशिवाय हे होत नाही. सासरे तेवढ्यावर खूश होऊन परत आले.

आकडे सांगायचे तर असे. जुनी उंची १६१ फूट, नवी २०५. पहिला उतार २०० फुटांचा आणि ९० अंशांचा, म्हणजे सरळ खाली. लांबी ५,७४० फूट, पावणेदोन किलोमीटर. वेग ताशी ७४ मैल, म्हणजे ११९ किलोमीटर. प्रवासी चार वेळा उलटे होतात. आसनावरून उचललं जाण्याचे क्षण एकत्र केले तर २७.२ सेकंद भरतात असं पार्क सांगतं.

यातला एक आकडा मी वहीत मांडून बघितला. २०० फुटांवरून कसलाही अडथळा नसताना पडलं, तर तळाशी वेग भरतो ताशी १२५ किलोमीटरच्या जवळपास. गाडी गाठते ११९. म्हणजे हवा, चाकं, बेअरिंग सगळं मिळून वाटेत फारच थोडं खातात. लाकडी रुळावर हीच ऊर्जा गचक्यांत जाते, सांधे हलवण्यात जाते. इथे ती पुढच्या टेकड्यांसाठी शिल्लक राहते, आणि म्हणूनच ही गाडी शेवटपर्यंत दमत नाही.

बांधकाम बघणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते : रूळ जोडून झाला म्हणजे कोस्टर झाला नाही. पुरावा त्याच पार्कात, त्याच फ्रंटियर टाउन भागात उभा आहे. २००७ च्या मॅव्हरिक कोस्टरमध्ये गाडी आडव्या अक्षाभोवती पूर्ण गिरकी घेईल असा रूळ बसवून झाला होता. चाचणीत त्या गिरकीचा ताण जास्त भरला. उद्घाटन तोंडावर असताना तो भाग काढला, जागी साधं नागमोडी वळण बसवलं, आणि कोस्टर दोन आठवडे उशिरा उघडला. रंगवून तयार झालेलं पोलाद उतरवून ठेवायला धैर्य लागतं. मी अशा निर्णयाला अपयश म्हणत नाही. ज्या ठिकाणी चाचणीचा आकडा वेळापत्रकापेक्षा मोठा मानला जातो, तिथल्या कोस्टरवर मी निर्धास्त बसते.

चाचणीत आधी रिकामी गाडी सोडतात, मग आसनांवर पाण्याने भरलेले माणसाच्या आकाराचे पुतळे बसवून. वजन पूर्ण असताना आणि नसताना, थंडीत आणि उन्हात, गाडी वेगळी धावते. चाकांवरचं पॉलियुरेथेन, म्हणजे टणक रबरासारखं आवरण, तापलं की घर्षण कमी होतं आणि दुपारची फेरी सकाळच्या फेरीपेक्षा वेगवान निघते. ओहायोत सरकारी तपासणी कृषी खात्याकडे असते हे ऐकून सासऱ्यांना फार गंमत वाटली होती, पण व्यवस्था चोख आहे.

५ मे २०१८ ला स्टील व्हेन्जन्स लोकांसाठी उघडला. त्याच दिवशी परत येणारी एक गाडी स्टेशनातल्या उभ्या गाडीला हलकेच टेकली, आणि पुढे काही काळ एकाच गाडीवर काम चाललं. एका गाडीने रांग किती लांबते हे समजायला रुळाचे भाग समजून घ्यावे लागतात. सगळा मार्ग काही टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागच्या गाडीला ब्रेक जागीच धरून ठेवतात. तीन गाड्या धावतात तेव्हा एक प्रवासी भरत असते, एक चढावर असते, एक परतीच्या वाटेवर. गाडी एकच असली की बाकीचा सगळा रूळ नुसता वाट बघत बसतो.

आता बसण्याबद्दल. गाडीत चोवीस जण, दोन-दोनच्या बारा रांगा. मांडीवर बार, नडगीसमोर टेकू, कमरेला पट्टा. खांद्यावर काही नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. खांद्यावर बार असला की कान आणि मान त्याच्यावर आपटतात. इथे कमरेच्या वरचं अंग मोकळं राहतं.

चढ संपतो आणि पुढचा डबा काठावरून खाली जातो. मागच्या रांगेत असाल तर माथ्यावर पोचायच्या आतच पुढचे डबे तुम्हाला ओढून नेतात आणि आसन खालून निघून जातं. तळ येतो, छातीवर वजन येतं, आणि लगेच पुढची टेकडी. तिचा माथा मोकळ्या पडण्याच्या रेषेपेक्षा जास्त झपकन खाली वळतो, म्हणून शरीर वर जायला बघतं आणि बार तुम्हाला खाली खेचतो. गाडी रुळावरून सुटत नाही कारण चाकांचे तीन संच आहेत : वरचे भार घेणारे, बाजूचे वळण घेणारे, आणि खालून रुळाला धरणारे. या टेकड्यांवर सगळं काम त्या खालच्या चाकांचं. उतरताना एकदा गाडीच्या बुडाशी नजर टाका, दिसतात.

पहिला अर्धा भाग मोठ्या टेकड्यांचा, मोकळ्या हवेतला. बरेच जण त्यासाठीच येतात. मला त्यापेक्षा दुसरा अर्धा आवडतो. मधल्या ब्रेकच्या सपाट तुकड्यानंतर गाडी सांगाड्याच्या पोटात शिरते, आणि मग चारही बाजूंनी लाकूड. करडं, पिवळं, करडं. डोक्यावरून तुळई जाते, तुम्ही उलटे होता, बाजूने खांब सपासप मागे पळतात, पुन्हा टेकडी, पुन्हा आसनाशी ताटातूट. वेग इथे पहिल्या उतारापेक्षा कमी असतो पण भासतो जास्त, कारण मोजायला जवळ काहीतरी असतं. डिझाइनरांनी जुन्या सांगाड्यातल्या पोकळ्या शोधून त्यांतून रूळ ओवलाय. रिकाम्या मैदानावर नवा कोस्टर बांधताना इतकं लाकूड इतक्या जवळ कुणी मुद्दाम आणून ठेवलं नसतं.

आणि इतकं होऊनही गाडी गचका देत नाही. थोडी थरथर असते. लाकडी सांगाडा शेकडो सांध्यांतून किंचित देतो, परत येतो. पोलादी खांबांवरच्या पोलादी रुळात ही थरथर नसते आणि तो कधीकधी फार कोरडा लागतो. इथे खालचं लाकूड जिवंत आणि वरचा रूळ अचूक. ही जोडी जमून आल्यामुळेच मी त्याला पहिला नंबर देते. नंतर पोलंडमधला झाड्रा आला, फ्लोरिडातला आयर्न ग्वाझी आला, दोन्ही २०६ फुटांचे, याच कंपनीचे. उंचीचे विक्रम पुढे सरकत राहतील.

बसणाऱ्यांसाठी थोडं. उंची किमान ५२ इंच लागते, म्हणजे १३२ सेंटीमीटर, आणि त्यात सवलत मिळत नाही. उघडल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात पार्कने रांगेतसुद्धा फोन बंद केला होता, कारण इतका वेळ आसनावरून उचलले जाताना खिशातली वस्तू खिशात राहत नाही. तेव्हा चष्म्याला दोरी लावा आणि बाकी सगळं खाली ठेवा. शक्य असेल तर दुपारनंतर जा, चाकं तापलेली असतात. पहिल्यांदा पुढची रांग मागा, रूळ कसा पिळतो ते दिसतं. नंतर मागची. आणि सोबत कुणी न बसणारं असेल, तर त्यांना वाफेच्या रेल्वेत सांगाड्याच्या बाजूची जागा धरून द्या. नव्या-जुन्या लाकडातला फरक दरवर्षी थोडा पुसट होतोय, पण अजून ओळखू येतो.